चढावरची विचारपूस

सोमवार, ३ मे

नापास! चालण्यात नापास झालो. दवाखान्याच्या लांबलचक व्हरांड्यात, दोन खुर्च्यांच्या मध्ये सहा मिनिटं येरझारा घालायच्या होत्या. दम लागला तसा बाकावरच्या एका म्हाताऱ्याची विचारपूस करायला थांबलो, तर नर्सबाई ओरडली, "आजोबा, गप्पा नंतर! चाला!" माझी युक्ती तिथं चालली नाही.

डॉक्टर म्हणाला, सोन्याच्या खाणीतल्या धुळीनं फुप्फुसं दगडासारखी झालीत. त्यांतून रक्त ढकलून ढकलून हृदयही थकलंय. "चढ टाळा." लेसोथोत चढ टाळा! टॅक्सी थांबते पायथ्याशी, घर माथ्याशी. चढ टाळायचा म्हणजे घरच टाळायचं.

बायकोला, मालिनेओला सांगितलं, "सगळं ठीक आहे." तिला कळलं तर शहरात तिच्या बहिणीकडे, पत्र्याच्या खोलीत नेऊन ठेवेल. तिथं मी भिंतीकडे बघत मरेन.

गुरुवार, ६ मे

मीठ आणायला खाली गेलो होतो. येताना पहिल्या वळणावर म्हातारीच्या कोंबड्यांची चौकशी. दुसऱ्यावर कुणाच्या तरी गाढवाच्या पायाची. लोक खूश! मालिनेओ म्हणते, "आताशा फारच माणसाळलात. माझ्या वडिलांना तरी कधी एवढं विचारलं होतंत?"

फक्त मोकेतेच्या दारावरून न थांबता जातो — छाती काढून, हात हलवून. खाणीत वीस वर्षं एकाच ड्रिलवर होतो आम्ही. तो लगेच ओळखेल. आज त्याच्या पुढच्या वळणाआड जाऊन ओणवा झालो. डोळ्यांपुढे काळोख! वाटलं, संपलं.

शनिवार, ८ मे

पाय सुजलेत. "बूट आटले," म्हणालो.

सोमवार, १० मे

मोकेते गेला. सकाळी, दाराशी, खुर्चीत बसल्या बसल्या.

तीच धूळ. मला मरायची भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

बुधवार, १२ मे

शनिवारी माती. दफनभूमी अगदी वर.

शेजारचा मोत्लात्सी, तोंडाचा फटकळ. सगळ्यांदेखत पाठीत थाप मारून म्हणाला, "पहिलं फावडं तुझंच रे, मोएकेत्सी! एका ड्रिलवरचे तुम्ही." खड्डा बुजवताना प्रत्येक पुरुष आधीच्याच्या हातून फावडं घेतो. न घेणारा लपत नाही. आणि प्रेतयात्रेत कोंबड्यांची चौकशी कशी करणार? थांबू कसा? वर पोचलोच तर खड्ड्यात कोसळेन, मोकेतेच्याच अंगावर.

शुक्रवार, १४ मे

आजारी असल्याचं सोंग घ्यावं का? सोंग!

शनिवार, १५ मे

पोचलो! देव पावला. शवपेटी खांद्यावर घेणारी पोरं चांगली दांडगी, तरी दर वळणाला टेकवत होती. खांदे बदलायला म्हणे. गाणं संपेपर्यंत सगळे उभे. हल्लीच्या पोरांत दमच नाही, असं मनात म्हटलं नि त्यांना आशीर्वादही दिला.

वर मात्र भलतंच. मी हात पुढे केला, तर मोत्लात्सीनं फावडं दुसऱ्यालाच दिलं. पुन्हा हात केला, पुन्हा तेच! वर आपल्या अंगावरचं घोंगडं काढून माझ्या हातात कोंबलं. "हे धर." मग जो तो घोंगडं उतरवून माझ्याकडेच देत गेला. नाकापर्यंत चळत घेऊन मी खुंटीसारखा उभा! माझ्या दोस्तावर मूठभर मातीसुद्धा टाकू दिली नाही. एवढा अपमान आयुष्यात कधी झाला नव्हता.

सोमवार, १७ मे

मोकेतेच्या बायकोकडे गेलो, भांडायलाच. दाराशी पोचलो आणि तोंडातून शब्द फुटेना. नुसती धाप. तिनं खुर्ची पुढे सरकवली. त्याची.

"बसा. तेच सांगून गेलेत, मी शुक्रवारी पोरांना नि मोत्लात्सीला कळवलं. म्हणाले, माझी पेटी दर वळणाला टेकवा, मोएकेत्सीला दम लागतो. त्याच्या हाती फावडं देऊ नका. रोज इथून छाती काढून जातो आणि वळणाआड खोकतो. मला ऐकू येतं."

बसलो. श्वास जागेवर यायला फार वेळ लागला. मग म्हणालो, "मालिनेओला बोलावून घ्याल का इथं?"