सीटखालचं शिसं

पोझ्नान, पोलंड, रविवार

प्रिय आई,

मी बरी आहे, नीट जेवतेय. तुझा जर्दाळूचा मुरांबा लपवून ठेवला होता, तरी संघातल्या मुलींनी शोधून संपवला.

अंतिम फेरीत चौथी आले. तिसरीची होडी माझ्यापुढे बोटभरच होती. रडले नाही, काळजी करू नकोस.

जुनी कायाक शर्यतीसाठी ठरलेल्या किमान वजनाला कमी भरायची, म्हणून बाबा आपल्या गळाचं शिसं सीटखाली चिकटवायचे, आठवतं? ते गेल्यावर आलेली ही नवी होडी वजनाला पुरेशी आहे. तरी मी तेच शिसं हिच्यात लावलं. प्रशिक्षक लेहेल सर म्हणाले होते, "ते काढून टाक." मी हो म्हटलं आणि काढलं नाही.

शर्यतीनंतर होडी वजनकाट्यावर ठेवली तेव्हा तिथला माणूस हसला. "पोरी, एवढं जादा ओझं कशाला वाहतेस?"

आपली मोर्झा कुत्री अजून तिसा नदीच्या धक्क्यावर बाबांची वाट बघत बसते का? तिला घरात घेत जा, नदीवर गारठा असतो. आणि तू वेळेवर जेवतेस ना?

बाबा असते तर त्यांनीच ते शिसं ओरबाडून काढलं असतं, मला माहीत आहे. पण ते नव्हते ना, आई.

तुझीच,
बोरोका