मालकांबरोबर लंका

पौष शु. ३. येडशी.
दोन दिवस बैलगाडी. माझी कंबर धारूरलाच राहिली असावी. मालक गादीवर, मी भांड्यांच्या पेटीवर. बाजारात चारचौघांत बोलून बसले, ‘आमी लंका बघून येणार, तेबी बायकोला घेऊन.’ लोक वाहवा म्हणाले. बायको कशाला ते मला ठाऊक. परक्या हातचं चालत नाही, म्हणून चूल सोबत न्यायची.

निघताना गिरजा दारात उभी होती. माझी अकरा वर्षांची पोर. वैशाखात तिला पाटोद्याच्या आडतवाल्याला द्यायचं ठरवलंय. त्याच्या दोन बायका गेल्या. मिशांना कलप लावतो. गाडीत विषय काढला.
‘तुला कावून पंचाईत? मी शब्द दिलाय.’
मग कळंबपर्यंत गादीवर घोरत आले.

पौष शु. ५. रेल्वेत.
कुर्डुवाडीला मालकांनी मद्रासच्या ऐवजी मुंबईच्या गाडीत बसवलं. विचारायचं तर कमीपणा येतो. जेऊरला उतरलो, उन्हात सहा तास बसलो. म्हणतात, ‘तू पेट्या हळू उचलल्या.’

ही वही बाळबोध लिपीत लिहिते. मालकांची सगळी लिखापढी मोडीत नाहीतर उर्दूत, बाळबोध वाचताना अडखळतात. म्हणून वही उघडी पडली तरी धास्ती नाही. मोडी मलाही येते, वडिलांनी शिकवली. हे मालकांना अजून सांगितलेलं नाही. घरात एखादी गोष्ट आपली असावी.

पौष शु. ९. छावणी.
समुद्राच्या अलीकडे अडकलो. आपल्याकडे प्लेग म्हणून लंकेला जाणाऱ्यांना पाच दिवस इथं ठेवतात. बाया वेगळ्या, पुरुष वेगळे. कपडे वाफेच्या भट्टीत जातात आणि अंगावर दोरासुद्धा ठेवू देत नाहीत.

तपासणीच्या बाईनं माझ्या गळ्यातल्या डबीकडे बोट केलं. आत इष्टलिंग, आमच्यात बाई-पुरुष सगळ्यांच्या गळ्यात असतं ते. दीक्षेच्या दिवशी वडिलांनी स्वतः गळ्यात बांधलेलं, तेव्हापासून अंगावेगळं केलेलं नाही. रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तोंडात पाणी नाही. दोन्ही हातांनी डबी धरून मी तिथंच खाली बसले. ती तिच्या भाषेत ओरडली, मी माझ्या. शेवटी तिनं डबीवर औषधाचं पाणी शिंपडलं आणि हात झटकून गेली. अजून वास येतो.

पौष शु. १४. कोलंबो.
बोटीत मालक सारा वेळ बादलीत तोंड घालून. मी शेजारी बसून शेंगा खाल्ल्या. एवढं समाधान बऱ्याच दिवसांत नव्हतं.

शहर मोठं आहे. मालक दिसेल त्याला मोठ्यानं उर्दूत विचारतात, रावणाचा वाडा कुठं? त्यांना वाटतं मोठ्यानं बोललं की कळतं. एका कच्छी दुकानदारानं हात जोडले आणि दार लावून घेतलं.

सकाळी पूजेच्या वेळी मला खोलीबाहेर घालवलं. ‘गरमी होते.’ माझ्यानं कसली गरमी होते?

पौष व. १. कोलंबो.
लाकडं ओली, चूल पेटली नाही. मालकांनी खाणावळीतून भात आणि नारळाची चटणी आणली. मला वास आला, मी नुसता भात खाल्ला. मालकांनी चटणी दोनदा मागून आणली. ‘लई झकास हाय, तुला असली जमत न्हाई.’ संध्याकाळी मी भांडं परत द्यायला गेले तर खाणावळवाली उखळात वाळलेली मासळी कुटत होती. त्याच चटणीसाठी.

सांगितलं. तेही हसत सांगितलं, खोटं कशाला लिहू. मालक अर्धा तास मोरीत.

पौष व. ३. कँडी.
नदीत हत्ती आडवे झोपतात आणि माहूत त्यांना नारळाच्या करवंटीनं घासतात. तिथंच दिवस काढला असता. मालकांनी सदरा काढून पाण्यात पाय सोडले तेव्हा पाहिलं. गळा मोकळा. डबी नाही.

‘कुठाय?’
आधी पेटीत आहे म्हणाले. मग बसले. छावणीत शिपाई दरडावला तसा ह्यांनी डबी काढून कोटाच्या खिशात घातली आणि कोट भट्टीला दिला. कोट परत आला, डबी आली नाही. शु. ९ पासून. म्हणजे इतके दिवस बंद खोलीत पूजेचं सोंग, आणि बाहेर येऊन पोटभर जेवण. इष्टलिंग गेलं की गुरूंनी नवं देईपर्यंत उपास, हे काय मी सांगू? गेल्या साली आमच्यातल्या एका तेल्याचं नदीत पडलं. तो बिचारा आपणहून स्वामींना सांगायला आला, तर मठाचे पंच म्हणून ह्यांनीच त्याला पायरी चढू दिली नाही. त्याचं घर अजून वाळीत आहे. आता हे कोणत्या तोंडानं सांगणार?

वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पौष व. ४. कँडी.
मालकांना उपाय सुचला. माझं द्यायचं.
‘बायकांचं पदराखाली असतंय. तुझं कोण बघतंय?’
मी उठून हत्तींकडे गेले. एकटीच. परतताना वाट चुकले, पण दोघांना विचारलं आणि आले.

पौष व. ७. मद्रासच्या वाटेवर.
तीन दिवस तोच जप. आज म्हणाले, ‘तुला काय पायजे ते माग.’ मागितलं. पाटोद्याची सोयरीक मोडल्याचं पत्र, ह्यांच्या हातचं. टपालात पडेपर्यंत पत्र माझ्यापाशी. मग धारूरला इष्टलिंग.

वडील असते तर माझं तोंड पाहिलं नसतं. पण गिरजेचं तोंड मला पाहायचं आहे.

पौष व. ८. रेल्वेत.
मालकांनी दौत काढली, मोडीत पत्र लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. ‘मुलगी लहान आहे, योग दिसत नाही, क्षमा असावी.’ आवाजसुद्धा पाडला. मी पत्र कमरेला खोचलं.

दुपारी ते घोरत असताना उघडलं. लिहिलंय, लग्न वैशाखाऐवजी फाल्गुनातच उरकून घेऊ, घरची बाई आडवी येते आहे, तेव्हा बोभाटा नको.

चार वेळा वाचलं. घोरणं चालूच होतं. पायाशी पाण्याचा तांब्या होता, तो उचलून पुन्हा खाली ठेवला.

पौष व. ९. सोलापूरच्या पुढं.
त्यांच्याच दौतीनं दुसरं पत्र लिहिलं. शब्द त्यांनी वाचून दाखवले तेच, अगदी क्षमा असावीसकट. खाली त्यांचं नाव. गाडीच्या हिसक्यानं अक्षर वाकडं आलं, पण त्यांचंही वाकडंच आहे. पहिलं पत्र खिडकीतून सोडलं.

पौष व. ११. कळंब.
टपालपेटीत मीच टाकलं. मालक शेजारी उभे राहून पाहत होते. खुशीत होते. मला केळी घेऊन दिली.

पौष व. १३, रविवार. धारूर.
वेशीपर्यंत माणसं आली. मालकांनी रावणाचा वाडा सांगितला. सात मजली झाला. माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘हिनंबी बघितलाय.’ मी पाणी प्यायला आत गेले.

उद्या सोमवार. मठात सगळ्यांची पूजा एकत्र, लंकेहून परतलो म्हणून स्वामी आम्हा दोघांना समोर बसवणार. सासूबाईंनी नव्या धोतराची घडी काढून ठेवली. इतक्यात मालक स्वैपाकघरात आले.
‘आन इकडं.’
‘सकाळी.’
‘शब्द दिलता तू.’
‘तुमीबी दिलता.’
मग म्हणाले, ‘पत्र तर गेलं की.’ आणि बाहेर गेले.

पत्र गेलं. चार दिवसांत पाटोद्याहून माणूस येईल आणि मालकांना सगळं कळेल. ते पुन्हा सोयरीक जुळवतील. नाही दिलं तर उद्या भर मठात त्यांचा हात रिकामा दिसेल, मग पाटोदेकर आपणच पाठ फिरवील. पण वाळीत पडलेल्या घरातल्या गिरजेला पुढं कोण करील? आणि दिलं, तर पदराखाली रिकामा तळहात धरून, वडिलांनी बांधलेलं ह्या माणसाच्या हातावर पाहत मी काय जपू?

गिरजा मांडीला टेकून हत्तींचं विचारते आहे, करवंटीनं घासताना त्यांना गुदगुल्या होतात का. उद्या आम्ही दोघांनी डावा हात पुढं करायचा आहे. इष्टलिंग एक आहे.