काटा की आकडा

ओमाहा, ४ मार्च

ती. ओब्दुलिओदादास, विल्मरचा सा. न. वि. वि.

इथून गावी सामान नेणाऱ्या तेन्चाबाईंकडून निरोप कळला. तुझा मापाचा कॅलिपर झिजला, नवा हवा. दुकानात दोन जाती आहेत. डिजिटलवर आकडा सरळ उमटतो, माझ्यासारख्या तिसरीतून पळालेल्यालाही वाचता येतो. डायलला घड्याळासारखा काटा. त्याच्या दात्यांत लोखंडाचा चुरा गेला की काटा उडी मारतो आणि पुढची सगळी मापं खोटी. मी काम करतो त्या कत्तलखान्यातला फिटर म्हणतो, डायल म्हाताऱ्यांसाठी. म्हणजे तुझ्यासाठीच, पण मी डिजिटल घेतो. घरच्या लेथवर मक्याच्या गिरणीच्या आसाचे पोकळ बुश कातायला पुष्कळ झाला.

वहिनीला सांग, इथल्या तोर्तिया-भाकऱ्या पुठ्ठ्याच्या असतात. मला करमत नाही, उन्हाळ्यात अलास्काला मासळीच्या कामावर जाईन म्हणतो. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा विल्मर

एल प्रोग्रेसो, २० मार्च

चि. विल्मर यास अ. आ.

डिजिटल घेऊ नकोस. फोनवरही बोलू नकोस, टोळीची पोरं फोन बघतात. पत्र तेन्चाबाईंच्याच हाती दे.

वस्तीवर ज्यांचं राज्य, त्या टोळीची पोरं बंदुकीची नळी घेऊन आली. अशा कातून दे म्हणाली. मी म्हटलं, मी गिरणीचे बुश करतो. त्यातला एक हसून म्हणाला, मास्तर, हाही बुशच समजा, यातून पीठ तेवढं पडत नाही. मग तुझी वहिनी नोहेमी चर्चला किती वाजता जाते, ते त्याने मला सांगितलं.

म्हणून करतो. पण भोक केसभर मोठं ठेवतो, गोळी वाकडी जावी म्हणून. पहिल्या नळ्या परत आल्या तेव्हा जुन्या कॅलिपरवर ढकललं. त्यांनीच नवा मागवायला लावला. आकडा खोटं बोलतो हे कोणाला पटायचं नाही, काट्याचं पटतं. तू लिहिलास तो दोषच मला हवा आहे.

अलास्काचं खूळ सोड, नाक गळून पडेल. माया आहे तशीच आहे.

ओब्दुलिओ

ओमाहा, २ एप्रिल

ती. दादास, सा. न. वि. वि.

डायल पाठवला आहे. मी स्वतः चुरा घालून पाहिला, काटा छान उडतो. पण तुझा तोंडवळाच असा आहे की खोटं बोललास तर कोंबडीलाही कळेल. वहिनीला घे आणि नीघ. लेथचं काय, लोखंडच आहे ते. वस्तीतल्या गिरण्या कोण दुरुस्त करील म्हणशील. वाटू देत त्यांना पाट्यावर. उत्तर लिहू नकोस, तूच ये.

तुझ्या लोभातला, विल्मर

एल प्रोग्रेसो, १७ मे

विल्मरभाऊजींस नोहेमीचा नमस्कार.

डायल एकदा उपयोगी पडला. यांनी चुरा दाखवला, काटा उडवून दाखवला, पोरं शिव्या देत गेली. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःचा डिजिटल आणला आणि एकाच नळीला दोन्ही लावून बघितले. दोन्हींवर माप तेच, केसभर मोठं. काटा खरं सांगत होता, म्हणजे चूक मुद्दामची, हे त्यांना कळलं.

त्याच सकाळी यांनी दाते ब्रशने साफ केले होते. गिरणीवाल्या एलोदियाचा बुश कातायचा होता. तिचं माप खोटं कसं घेऊ, म्हणाले. चुरा पुन्हा घालायचा राहिला.

हात धुऊ द्या म्हणाले, तेवढे धुऊ दिले. नंतर केळीच्या बागेच्या पाटात सापडले. माती दिली.

काल पोरं पुन्हा आली. लेथ चालवणारा आणखी कोण आहे घरात, भाऊबिऊ आहे का, विचारलं. मी म्हटलं, यांना भाऊ नव्हता.

तेव्हा येऊ नका, आणि यापुढे पत्रही नको. लोभ आहे, तो तिकडेच असू द्या.

नोहेमी