वाळूची कड

माझ्या आईस, लांबूनच पाया पडून जालिंदरचा जयभीम.

मी खुशाल हाय. पुण्यात गोल्फच्या मैदानावर काम लागलंय, जेवणाची आबाळ न्हाई. हिरवळीभोवती मुद्दाम वाळूचे खड्डे करायचे, हेच आमचं काम. साहेब म्हणतात, जो खड्ड्याला भिऊन लांबून खेळतो, त्याला पुढचा चेंडू वाळूच्या खड्ड्यावरून उडवून मारावा लागतो. जो कडेला खेटून खेळतो, त्याला पुढं वाट मोकळी. खेळात ठीक हाय. तू मात्र कडेला जाऊ नको.

गावची सोसायटी पाण्याचा टँकर देणार होती, दिला का? आपल्या गावचा शहादेव इथं भेटला. म्हणला, नदीच्या वाळूत पाण्यासाठी खणलेला झिरा पुरुषभर खोल गेलाय, अन् तूच आत उतरून वाटीनं पाणी भरतीस. कावून? दुसरं कुणी न्हाई का?

काल इथं नव्या खड्ड्याची कड ढासळली. मी पळत गेलो अन् दोन्ही हातांनी वाळू उपसाया लागलो. मुकादम हसला, "काय शोधतो बे?" आत कुणीच नव्हतं, हे मलाबी ठाऊक होतं. तरी हात थांबेनात.

आई, घागर रिकामी राहू दे. तू वर राहा.

तुझा,
जालिंदर