मागून ढकलतंय

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी कॅरव्हॅन धुतली. छपरावर शेवाळ धरलं होतं. टायरांत हवा कमी. आतल्या गादीला कोंदट वास, म्हणून दार-खिडक्या उघड्या टाकल्या. दुपारी भाजी आणली, कपडे वाळत घातले.

संध्याकाळी मुलाचा फोन. अठरा तारखेपासून सुट्टी आहे, ह्यांच्याच गाडीला कॅरव्हॅन जोडून तिघं तळ्यावर जायचं म्हणतात. "पण आई, ब्रेकचं काय? बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, ब्रेक काही जमत नाहीत. छोटी असणार बरोबर, मी तसा नाही निघणार."

मागून नात ओरडली, "आज्जी, गोगलगाय धुतलीस का?" गोगलगाय हे ह्यांनी ठेवलेलं नाव. मी डबडं म्हणायचे.

बघते म्हटलं आणि फोन ठेवला.

ब्रेक जमत नाहीत, एवढंच त्यांनी मुलाला सांगितलं. माझं नाव घेतलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

आज अंगणात गेलेच नाही. मागच्या खिडकीचा पडदा ओढून ठेवला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, मीटर तरी धरता येतो. मग म्हटलं आपणच बघावं.

कॅरव्हॅनच्या चाकांत विजेचे ब्रेक आहेत. गाडीतलं पेडल दाबलं की स्टिअरिंगशेजारचा कंट्रोलर मागे वीज पाठवतो, ड्रममधलं मॅग्नेट ओढलं जातं आणि चाक आवळतं. ह्यांनी किती वेळा समजावलं होतं! चमचे आणि बशी घेऊन! मी मान हलवायचे आणि मनात भांडी घासायचे. आज सगळं आठवलं. म्हणजे ऐकत होते की काय मी?

कंट्रोलरच्या दिव्यावर काळी टेप लावलेली. टेपचं टोक दुमडलेलं. घरात काहीही चिकटवलं तरी हे टोक दुमडायचेच — "पुढच्या माणसाची नखं मोडायला नकोत." किती दिवसांनी दिसलं ते दुमडलेलं टोक. 

मग टेप काढली. मागे जाऊन प्लग जोडला. दिवा हिरवा व्हायला हवा. झाला नाही. लाल, आणि लुकलुकतोय. डोळ्यांवर यायचा म्हणून झाकला असेल.

प्लगच्या पिना घासल्या. तरी लाल. कंट्रोलरवरचा हाताने ब्रेक लावायचा खटका कपड्यांच्या चिमट्याने दाबून ठेवला आणि मागे जाऊन गाडीच्या सॉकेटला मीटर लावला. वीज येते! म्हणजे गाडी ठीक आहे. दोष डबड्यात.

ह्यांच्याबरोबरच्या पहिल्या चाचणीला ब्रेक दाबला की झटका बसायचा, ते खरं होतं. मानेत कळ आली होती. त्यांनी जोर कमी केला. मग मी म्हटलं, आता उशिरा लागतो. ते खाली शिरून ब्रेक आवळत बसले. मग म्हटलं, डावीकडे ओढतंय. पुन्हा खाली. कडाक्याच्या थंडीत फरशीवर पाठ टेकून. मी वरून चहा द्यायचे.

मला जायचंच नव्हतं. ती वीतभर गादी, हाताच्या अंतरावर संडास. पण रिटायर झाल्यापासून त्यांचं दुसरं बोलणं नव्हतं. तोंडावर नको म्हणवेना. ब्रेक बरा सापडला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

भाऊजी आले. ह्यांचे धाकटे भाऊ म्हणजे न बोलावता हजर, न विचारता सल्ला.

"वहिनी! तुम्ही चाकाखाली? लोक काय म्हणतील!"

"लोकांना म्हणावं, जॅक धरायला या."

हसले. बाह्या दुमडून बसले, ड्रम उघडला, पांढरा शर्ट काळा करून घेतला. आत डोकावून लगेच निकाल — "मॅग्नेट गेलेत. दोन्ही. मी दादाला तेव्हाच बोललो होतो." मागे आमचा फ्रीज बंद पडला तेव्हाही भाऊजी मॅग्नेटच म्हणाले होते.

"मीटर लावून बघूया का?"

"मीटर कशाला? नजर लागते, वहिनी, नजर!"

ड्रम परत बसवून घेतला त्यांच्याकडून. चहा प्यायला बसले. मग म्हणाले, "दादाचा जीव होता हो ह्या डब्यात. एक चक्कर तरी व्हायला हवी होती."

मी साखर आणते म्हणून आत गेले. साखर टेबलावरच होती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सुनेचा फोन. "आई, त्रास करून घेऊ नका. नाही जमलं तर तंबू नेऊ." चांगली आहे बिचारी. तिचं चांगुलपण आज सहन होईना. तंबू नको म्हटलं. जरा तुटकच बोलले.

११ ऑक्टोबर, शनिवार

लिहून टाकते. नाहीतर डोक्यात फिरत राहील.

फेब्रुवारीत ह्यांना हॉस्पिटलात नेलं तेव्हा डॉक्टर मला बाहेर नेऊन म्हणाले — "डिसेंबरमध्येच सांगितलं होतं त्यांना. हृदय फार थकलंय, गाडी चालवू नका म्हणून. तुम्हाला बोलले नाहीत?"

नव्हते बोलले. का, ते मला तिथेच उमगलं. मला कळलं असतं तर मी गाडीची किल्ली लपवली असती. जीव धोक्यात घालून का होईना, त्यांना एकदा जायचं होतं.

आणि मी काय केलं? जानेवारीतली ती शेवटची चाचणी. कारखान्यामागचा रिकामा रस्ता. त्यांनी ब्रेक दाबला, आम्ही थांबलो. "कसं वाटतं?" म्हणाले. मी म्हटलं, "मागून ढकलतंय."

ढकलत होतं की नव्हतं, मला काय माहीत! मी खिडकीबाहेर बघत होते. वाक्य घरूनच ठरवून नेलं होतं.

ते माझ्याकडे बघत राहिले. दोन्ही हात स्टिअरिंगवर. "हो का? मग राहू दे." एवढंच. वाद नाही, चिडणं नाही. घरी आलो, प्लग काढला. त्यानंतर ते कधी खाली शिरले नाहीत. मार्चमध्ये गेले.

माणसाने शेवटचं एक मागावं आणि बायकोने ते असं अडवावं.

१२ ऑक्टोबर, रविवार

कॅरव्हॅन गाडीला जोडायच्या दांड्याजवळ एक दोरी आहे. चालत्या गाडीपासून कॅरव्हॅन सुटलीच, तर ही ओढली जाते आणि कॅरव्हॅनमधली छोटी बॅटरी आपोआप ब्रेक लावते. ती बॅटरी कालपासून चार्जिंगला लावली होती. आज दोन्ही चाकं जॅकवर उचलली, हाताने फिरवली. मग दोरी ओढली.

चाक जाम! दुसरंही! हलेना! अंगणात एकटीच ओरडले, शेजारीण गॅलरीत आली. काही नाही हो, चाक थांबलं, म्हटलं. ती बघतच राहिली.

म्हणजे मॅग्नेट ठणठणीत. भाऊजींना फोन केला. "अस्सं? मग मी म्हटलं ते दुसरे मॅग्नेट." धन्य!

गाडीपर्यंत वीज आहे. चाकं चांगली आहेत. मधे राहिली फक्त दांड्यावरची डबी, जिथे सगळ्या तारा जोडल्यात. चार स्क्रूंचं झाकण. एवढं सोपं ह्यांच्या नजरेतून कसं सुटलं? ते तर बल्ब बदलायचा तरी आधी सॉकेट तपासायचे.

अंधारून आलं. उद्या.

१३ ऑक्टोबर, सोमवार

डबी उघडली. गाडीकडून येणारी ब्रेकची निळी तार तुटलेली नाही. गंजलेली नाही. स्क्रू सैल करून बाहेर काढलेली. तिच्या उघड्या तोंडावर काळी टेप, नीट गुंडाळलेली. टोक दुमडलेलं.

सुटल्यावर थांबवणाऱ्या दोरीची तार मात्र जागच्या जागी, घट्ट.

म्हणजे त्या दिवशी खरंच मागून ढकलत होतं. दिवा लाल होता, आणि त्यांनी तो झाकला होता. मी काय म्हणते ह्याची ते वाट बघत होते. बेत त्यांनीच मोडला होता, आजार न सांगता; कारण तेवढं माझ्या तोंडून हवं होतं.

दुमडलेलं टोक धरून ओढलं. टेप सहज निघाली. तार स्क्रूखाली घातली, आवळली. गाडीत जाऊन बघितलं — हिरवा.

परत येऊन झाकण लावलं. पाणी जाऊ नये म्हणून कडेने नवी टेप फिरवली आणि तिचं टोक दुमडलं.