पाच भुताचे पिक्चर, एकट्यानं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी
आजपासून रोज लिहिणार. पुराव्याला.
काल हितेश पनवेलहून आला व्हता. म्हणे, बाबा, आई जाऊन आठ महिने झाले, चौलच्या घरात तुम्ही एकटे घाबरता, पनवेलला राहायला चला. शेजारची सखुबाई सांगते, रात्रभर ओटीवरची लाइट चालू असते. लाइट उंदरांसाठी ठेवतो. सखुबाईला झोप येत न्हाय, तो तिचा प्रॉब्लेम.
मी घाबरणार? जत्रेतल्या तंबू टॉकीजात बारा वर्षं मशीन चालवलंय.
नात भक्ती मध्ये पडली. म्हणाली, आजोबा, पैज. पाच हॉरर पिक्चर एकट्यानं पूर्ण बघा, मग पनवेलचं नाव कोणी काढणार न्हाय. टीव्हीत लावून दिलेत. जुन्यापासून नव्यापर्यंत.
पाच दिवसांत पाच. किरकोळ काम.

दुपारी साडेतीन
पहिला झाला. काळा-पांढरा. पांढरी साडी, मेणबत्ती. गाणं म्हटल्याशिवाय भूत यायचं न्हाय. शिस्त व्हती. दुपारी बघितला, कारण संध्याकाळी व्होल्टेज नसतं.

४ नोव्हेंबर
दुसरा. हवेली, करकरणारं दार, रबरी तोंडाचा केसाळ राक्षस. हा मी स्वतः चालवलाय. तंबूत बाया एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या, मध्ये कापड. पुतळा, म्हणजे हितेशची आई, कापडाला लागून बसायची, माझ्या मशीनजवळ. लग्न व्हायचं व्हतं आमचं. राक्षस आला की पदरात तोंड घालायची आणि कापडाआडून विचारायची, गेला का? मी म्हणायचो, गेला. बघते तर समोरच उभा. एकदा कापडावरून चप्पल फेकली तिनं. मशीनला लागली, रीळ तुटलं, पब्लिकच्या शिव्या मला.
लग्नानंतर घरच्या टीव्हीला पण तेच. गेला का? चाळीस वर्षं. कंटाळा आला व्हता सांगून सांगून.

५ नोव्हेंबर
तिसरा. इथून भूत शहरात राहायला गेलं. फ्लॅटात, लिफ्टमध्ये. हितेशला लगेच फोन केला, बघ, फ्लॅटात भुतं असतात. म्हणे, बाबा, विषय तो न्हाय.
शेवटची वीस मिनिटं राहिली. उन्हात वाळत घातलेल्या सुपाऱ्या परतायच्या व्हत्या. सखुबाई कुंपणावरून म्हणाली, भावजी, सकाळीच परतल्या की. ह्या बाईला कामधंदा न्हाय.
पूर्ण धरणार.

६ नोव्हेंबर
चौथा. भूत नाचतं, जोक मारतं. मेलेल्या माणसात हसण्यासारखं काय? दहा मिनिटांत बंद. हा पण धरणार.

७ नोव्हेंबर. दुपारी दोन
पाचवा. एकदम नवा. अर्धा तास झाला, भूत न्हाय. बाई मेलीय, नवरा घरात एकटा. नुसती रिकामी खुर्ची दाखवतात. मग रिकामा पलंग. नळ ठिबकतोय. भक्तीला फोन केला, भूत कुठाय? म्हणाली, आजोबा, आता भूत दाखवत न्हाईत, रिकामं घर दाखवतात, त्याचीच भीती वाटते.
आमच्याकडं असं रीळ आलं असतं तर पब्लिकनं तंबू फाडला असता.

सव्वातीन
खुर्ची अजून रिकामीच.
डोळे मिटले जरा. चष्म्यानं पाणी येतं. तोंडातून निघून गेलं, गेला का?
थांबलो.
तिनं गेला म्हणून खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं.
पांढरी साडी नको व्हती, गाणं नको. लाइट लावून ठेवली की दार तरी सापडेल तिला, असं वाटलं व्हतं.

८ नोव्हेंबर
हितेशला सांगितलं, उद्या गाडी घेऊन ये. म्हणे, बाबा, घाबरलात ना? म्हटलं, न्हाय. ह्या घरात भूत न्हाय. आठ महिने बघितलं.
सखुबाईला चावी दिली. रोज संध्याकाळी ओटीवरची लाइट लावायला सांगितलं.
म्हणाली, उंदरांसाठी ना, भावजी?
म्हटलं, व्हय.