बाबांचे पाय, माझी शिस्त

३ मार्च
दोन वर्षांनी घरी. बॅग उघडली नाही, आठवड्यात निघायचंच आहे. बाबांच्या पायांतल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्यात. चाललं की पोटऱ्या धरतात. डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, किती वर्षं काढतील? म्हणाले, पुष्कळ, पण सिगारेट बंद आणि रोज चालणं. दुखलं की थांबायचं, मग पुन्हा चालायचं. नाहीतर आज पायात झालंय ते उद्या हृदयात. चालण्याचं खातं मी घेतलं. भटकण्यात माझा हात कोण धरणार?

४ मार्च
बाबांचं सिगारेटचं पाकीट जप्त. ताई म्हणाली, फेकून दे. चांगली वस्तू फेकवत नाही. हळूहळू मीच संपवतो. त्यांना मोह नको.

५ मार्च, सकाळ (जवळजवळ दुपार)
जाग आली नाही. बाबा एकटेच जाऊन आले. उद्यापासून कडक शिस्त.

९ मार्च
शिस्त सुरू. बाबा हार्डवेअरच्या दुकानापाशी थांबून काचेतले नळ बघत राहिले. पुढे रंगाचे डबे. या वयात हा काय नाद! ताई म्हणाली, अरे शहाण्या, पाय दुखतो त्यांचा. लोकांना कळू नये म्हणून बघतात. मला अंदाज होताच.

२ एप्रिल
वाटेत एक ट्रकवाला भेटला. समुद्राकडे निघालाय, चल म्हणाला. गप्पांत बाबा कुठे राहिले कळलंच नाही. घरी आल्यावर म्हणाले, तू बरोबर असलास की जास्त चालणं होतं, तुला शोधत फिरावं लागतं. म्हणजे माझी पद्धत लागू पडतेय.

२८ एप्रिल
पुन्हा पाकीट संपलं. नवीन आणलं. जप्तीची सवय मोडायला नको.

१७ मे
डॉक्टर खूश. बाबा आता न थांबता बाजारापर्यंत जातात. श्रेय कुणाचं, हे मी बोललो नाही. ताईही बोलली नाही. आता निघायला मोकळा. बॅगेतले शर्ट चुरगळलेत, एवढंच.

२० मे
शेवटचा फेरा. चढावर बाबा पुढे. मला धाप, छातीत कसंतरीच. हार्डवेअरच्या दुकानापाशी थांबलो. बाबा मागे वळून आले, शेजारी उभे राहिले. मी म्हटलं, नळ बघतोय. म्हणाले, हो रे, मीही हेच सांगायचो. उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मग हात पुढे केला. मी पाकीट दिलं.

नळ खरंच चांगले आहेत.